स्टार ट्रेकचा नाद लागलाय, किंवा लागायच्या बेतात आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन माणूस आला की तेच तेच प्रश्न येतात, आणि जुनी मंडळी तीच तीच उत्तरं थोडी चिडून देतात. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय. क्रम काही खास नाही, जसं आठवलं तसं. मतं माझी आहेत, पटली नाहीत तर भांडायला मोकळे आहात, ट्रेकच्या फॅनना भांडण लागतंच.

स्टार ट्रेक म्हणजे ते लेझरच्या तलवारीवालं ना?

नाही. ते स्टार वॉर्स. कृपा करून हा प्रश्न कुठल्या जुन्या फॅनला समोरासमोर विचारू नका. ते सिनेमातून आलं आणि १९७७ साली आलं, हे टीव्हीवरून आलं आणि त्याच्या अकरा वर्षं आधी, ८ सप्टेंबर १९६६ ला अमेरिकेत एनबीसी चॅनलवर. करणारा माणूस जीन रॉडेनबेरी, आधी दुसऱ्या महायुद्धात विमानं उडवलेला, मग लॉस एंजेलिसच्या पोलिसात नोकरी केलेला, आणि मग टीव्हीचा लेखक झालेला.

फरक एका वाक्यात सांगायचा तर स्टार ट्रेकमध्ये लोक बोलतात. खूप बोलतात. अवकाशात एखादं संकट आलं की कॅप्टन सगळ्या ऑफिसरना एका लांब टेबलाभोवती बसवतो आणि सोसायटीच्या मीटिंगसारखी चर्चा सुरू होते, फक्त इथे लोक एकमेकांचं ऐकून घेतात, म्हणून तर ते सायन्स फिक्शन आहे. मारामारी असते, स्फोट असतात, पण एपिसोडचा जीव बहुतेक वेळा एखाद्या पेचात असतो, की आता हे करावं का करू नये.

एकूण नऊशेच्या वर एपिसोड आहेत म्हणे. सुरुवात कुठून करू?

सुरुवातीपासून करू नका. सगळ्यात जास्त लोक इथेच पडतात, कारण आपल्याला सवय असते एक नंबर एपिसोडपासून बसायची, मग १९६६ चा पहिला एपिसोड लावतात, त्यात अंगातलं मीठ शोषून घेणारा एक राक्षस असतो, आणि माणूस दुसऱ्या दिवशी परत कोरियन सिरीजकडे.

माझा सल्ला विचाराल तर 'नेक्स्ट जनरेशन'चा तिसरा सीझन. ही सिरीज १९८७ ते १९९४ चालली, सात सीझन, १७८ एपिसोड. कॅप्टन पिकार्ड म्हणजे पॅट्रिक स्ट्युअर्ट. जुन्या सिरीजमध्ये जवळजवळ प्रत्येक एपिसोड स्वतंत्र असतो, मागचं पुढचं माहीत नसलं तरी अडत नाही, दोन एपिसोड बघितले की कोण कोण आहे ते कळतं. आवडलं तर मागे जा, पुढे जा, कुठेही जा.

तुम्हाला नवीन, चकचकीत, छोट्या सीझनवालं काहीतरी पाहिजे असेल तर 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' (२०२२ पासून), दहा दहा एपिसोडचे सीझन आहेत आणि जुन्यासारखीच प्रत्येक भागाची वेगळी गोष्ट आहे. कार्टून चालत असेल तर 'लोअर डेक्स', पण त्यातले अर्धे विनोद जुनं बघितल्याशिवाय डोक्यावरून जातात, त्यामुळे ते नंतर.

पण नेक्स्ट जनरेशनचे पहिले दोन सीझन का सोडायचे?

कारण वाईट आहेत. सगळे नाही, पण बरेच. पडद्यामागे लेखक यायचे आणि जायचे, रॉडेनबेरीचा नियम होता की चोविसाव्या शतकातली माणसं सुधारलेली आहेत त्यामुळे मुख्य पात्रांची आपापसात भांडणं नकोत, आता भांडणच नसेल तर लेखकाने लिहायचं काय. दुसरा सीझन १९८८ च्या लेखकांच्या संपाने कापला गेला, आणि त्याचा शेवटचा एपिसोड तर जुन्या एपिसोडचे तुकडे चिकटवून केलाय, जहाजाचा दुसऱ्या नंबरचा ऑफिसर रायकर बेशुद्ध पडलेला आणि त्याला जुनं आठवतंय. तो चुकूनही बघू नका.

तिसऱ्या सीझनला मायकल पिलर हा माणूस लेखकांचा मुख्य झाला आणि त्याने एक भारी गोष्ट केली, बाहेरच्या कोणीही, एजंट नसलेल्या माणसानेही, स्क्रिप्ट पाठवावी, आम्ही वाचू. त्या ढिगातून रोनाल्ड डी. मूर नावाचा एक तरुण फॅन सापडला, त्याची स्क्रिप्ट घेतली, मग त्यालाच नोकरीवर घेतलं. पुढे याच माणसाने 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' नव्याने उभी केली.

फॅन लोकांत एक म्हण आहे की रायकरला दाढी आली आणि सिरीज सुधारली. दाढी दुसऱ्या सीझनला आली, सुधारणा तिसऱ्याला, पण म्हणीला कोण तारखा विचारतो.

मला वेळ नाही. एकच एपिसोड सांगा, तो आवडला तर पुढे बघतो.

'द मेजर ऑफ अ मॅन', नेक्स्ट जनरेशन, १९८९. हो, दुसऱ्या सीझनचा आहे, वर 'सगळे नाही' म्हटलंय ते याच्यासाठीच.

जहाजावर डेटा नावाचा ऑफिसर आहे, अँड्रॉइड आहे, म्हणजे यंत्र. एक शास्त्रज्ञ येतो, म्हणतो मला याला उघडून बघायचंय, याच्यासारखे शेकडो बनवायचेत. डेटा नाही म्हणतो, राजीनामा देतो. शास्त्रज्ञ म्हणतो, यंत्र राजीनामा कसं देईल, ते तर स्टारफ्लीटच्या, म्हणजे त्यांच्या अवकाश दलाच्या, मालकीचं आहे. झालं, प्रकरण सुनावणीला. माणसं कमी, म्हणून डेटाच्या बाजूने पिकार्ड, आणि विरुद्ध बाजूने डेटाचाच मित्र रायकर. न्यायाधीश बाई सांगतात की तू जीव तोडून लढला नाहीस तर मी सुनावणीच न करता निकाल देईन, आणि तो डेटाच्या विरुद्ध असेल.

मग रायकर उठतो. डेटाचा हात काढतो आणि सगळ्यांसमोर दाखवतो, आतल्या तारा दिसतात. बोलत बोलत डेटाच्या मागे जातो, आणि पाठीवरचं बटण दाबतो. डेटा टेबलावर धाडकन पडतो, मित्राने बंद केलेला. रायकर जागेवर परत जाऊन बसतो तेव्हाचा त्याचा चेहरा बघा. त्याने केस जवळजवळ जिंकलेली आहे आणि त्याला ओकारी येईल असं वाटतंय.

एकही स्फोट नाही. सगळं एका खोलीत. लिहिणारी मेलिंडा स्नॉडग्रास स्वतः वकिली केलेली बाई, म्हणून उलटतपासणी खरी वाटते. आणि हल्ली एआय वगैरे जी चर्चा चाललीये ती सुरू व्हायच्या कितीतरी आधी हे लिहिलंय, त्यामुळे आज बघताना जास्तच चावतं. हा आवडला नाही तर खरंच स्टार ट्रेक तुमच्यासाठी नाही, आणि त्यात काही वाईट नाही.

मग १९६६ ची ओरिजिनल सिरीज बघायचीच नाही का? सेट पुठ्ठ्याचे वाटतात.

पुठ्ठ्याचेच वाटतात, दगड थर्माकोलचे आहेत हे लांबून कळतं. पण बघाच, फक्त नंतर बघा. पैशांची मारामार होती आणि त्यातूनच काही भन्नाट गोष्टी निघाल्या. माणूस इथे विरघळतो आणि ग्रहावर उगवतो ते ट्रान्सपोर्टर प्रकरण आलं कशातून, तर दर आठवड्याला जहाज ग्रहावर उतरवताना दाखवणं परवडत नव्हतं म्हणून. स्पॉक, म्हणजे टोकदार कानांचा परग्रहवासी ऑफिसर, मान दाबून माणसाला बेशुद्ध करतो ती युक्तीही अशीच ऐनवेळची, स्क्रिप्टमध्ये त्याने मागून डोक्यात बंदुकीचा दस्ता हाणायचा होता, त्याचं काम करणारा लिओनार्ड निमॉय म्हणाला माझं पात्र असं मारामारी करणारं नाही, आणि तिथल्या तिथे हे सुचवलं.

'द ट्रबल विथ ट्रिबल्स' हा हसायचा एपिसोड आहे, केसाळ गोळे भराभर पिल्लं घालतात आणि धान्याचं कोठार उघडलं की कॅप्टन कर्कच्या डोक्यावर धबधबा कोसळतो. लिहिणारा डेव्हिड जेरॉल्ड तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेला पोरगा होता.

फॅन लोकांनी पत्रं लिहून सिरीज वाचवली हे खरंय की दंतकथा?

खरंय, पुढचा भाग माहीत नसतो लोकांना म्हणून अर्धवट सांगितलं जातं.

दुसऱ्या सीझनच्या वेळी, म्हणजे १९६७-६८ च्या हिवाळ्यात, बातमी फुटली की एनबीसी सिरीज बंद करणार. बीजो ट्रिंबल आणि तिचा नवरा जॉन, दोघं फॅन, यांनी मोहीम काढली. इंटरनेट नाही, काही नाही, टाईप केलेली पत्रकं आणि पोस्टाचे पत्ते. प्रत्येकाला सांगायचं की तू लिही आणि अजून दहा जणांना लिहायला लाव, आणि पत्र वेडगळ वाटेल असं लिहू नको, नीट लिही. कॅलटेक विद्यापीठाचे विद्यार्थी मशाली घेऊन एनबीसीच्या ऑफिसवर गेले. शेवटी चॅनलला एका एपिसोडच्या शेवटी टीव्हीवरूनच जाहीर करावं लागलं की मालिका परत येणार आहे.

आली परत, पण शुक्रवारी रात्री दहा वाजता. जो तरुण प्रेक्षक होता तो शुक्रवारी रात्री घरी कशाला बसेल. बजेट कापलं, रॉडेनबेरी वैतागून बाजूला झाला, तिसरा सीझन घसरला आणि जून १९६९ मध्ये सिरीज संपली. मग मोहीम वाया गेली का? तर नाही, कारण तिसऱ्या सीझनशिवाय फक्त ५५ एपिसोड झाले असते, त्याच्यामुळे ७९ झाले, आणि एवढे असले की छोट्या छोट्या चॅनलना रोज एक दाखवता येतो. ते रोजचं पुनःप्रक्षेपण सुरू झालं आणि सिरीज खरी हिट झाली ती तेव्हा, बंद पडल्यावर. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेलात पहिलं मोठं संमेलन झालं, आयोजकांना वाटलं काहीशे लोक येतील, आले हजारो, आयझॅक असिमोव्ह आलेले, नासाने वस्तू पाठवलेल्या.

१९७६ ला याच लोकांनी व्हाइट हाऊसला पत्रांचा मारा केला आणि नासाच्या पहिल्या स्पेस शटलचं नाव कॉन्स्टिट्यूशन ठरलेलं ते बदलून सिरीजमधल्या जहाजाचं, एंटरप्राइज, करायला लावलं. शटल पहिल्यांदा बाहेर काढायच्या कार्यक्रमाला सिरीजचे नट हजर. गंमत म्हणजे ते शटल फक्त हवेतल्या चाचण्यांसाठी होतं, अवकाशात कधी गेलंच नाही.

फॅनना 'ट्रेकी' म्हणायचं का 'ट्रेकर'?

काहीही. यावर जे चिडतात त्यांच्याशी वाद घालू नका. 'ट्रेकर' महाराष्ट्रात म्हणालात तर लोक विचारतील हरिश्चंद्रगड झाला का.

भारतात हे कधी दिसलं? आमचे बाबा म्हणतात त्यांनी लहानपणी बघितलंय.

बरोबर सांगतायत. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ओरिजिनल सिरीज लागायची. अख्ख्या पिढीला स्पॉकचे कान तिथून माहीत आहेत. केबल आल्यावर स्टार प्लस तेव्हा इंग्रजी चॅनल होतं, त्याच्यावर नेक्स्ट जनरेशन आणि एक्स-फाइल्स बघितलेले लोक आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. आपल्याकडे स्वतःचं म्हणावं तर १९९८ चं 'कॅप्टन व्योम', मिलिंद सोमणवालं. ते आज परत बघू नका, आठवणीतच छान आहे.

स्टार ट्रेकमध्ये भारतीय कोणी आहे का?

आहेत, आणि इथे प्रेम आणि राग दोन्ही आहे.

प्रेम आधी. पहिला सिनेमा, १९७९, त्यात लेफ्टनंट आयलिया झालेली पर्सिस खंबाटा ही मुंबईची पारशी मुलगी, १९६५ ची मिस इंडिया. डोक्याचा पूर्ण गोटा करून काम केलं. पुढे १९८० च्या ऑस्करला पुरस्कार द्यायला स्टेजवर गेली, असं करणारी पहिली भारतीय. १९९८ ला मुंबईतच गेली, पन्नाशीही गाठली नाही. आपल्याकडे तिची आठवण फार कमी निघते याचं वाईट वाटतं. अलीकडचं म्हणजे 'डिस्कव्हरी' या नव्या सिरीजच्या तिसऱ्या सीझनचा पहिला एपिसोड, २०२०. आदिल हुसेन त्यात आदित्य साहिल नावाचा माणूस आहे, फेडरेशन, म्हणजे ग्रहांचा संघ, कोलमडलेलं आहे, संपर्क तुटलेत, आणि हा एकटा एका स्टेशनवर रोज वेळेवर ड्युटीवर बसतो, कोणीतरी येईल म्हणून. त्याच्याकडे झेंडा आहे पण तो लावायचा अधिकार फक्त नेमलेल्या ऑफिसरला, आणि हा रीतसर नेमलेला नाही, म्हणून त्याने तो तसाच जपून ठेवलाय. सरकारी नोकरीतला सज्जन माणूस कोणी घरात असेल तर तुमच्या डोळ्यात पाणी येणार.

आता राग. खान नूनियन सिंग. ट्रेकचा सगळ्यात गाजलेला खलनायक, १९६७ च्या एपिसोडमध्ये स्पष्ट म्हटलंय की उत्तर भारतातला असावा, बहुधा शीख. नट कोण, तर मेक्सिकोत जन्मलेला रिकार्डो माँटलबान. काम अफाट केलंय यात वादच नाही, पण पगडी दिसते ती फक्त एका पेंटिंगमध्ये. बरं ते १९६७ होतं म्हणून सोडून देऊ, पण २०१३ च्या सिनेमात परत तेच पात्र आलं आणि या वेळी बेनेडिक्ट कंबरबॅच! जगात तेव्हा भारतीय नट संपले होते का. आणि हो, कथेप्रमाणे खान १९९२ ते १९९६ पृथ्वीच्या पाव भागावर राज्य करत होता, आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत. आपण सगळे तेव्हा इथेच होतो, दहावी-बारावीच्या नादात बहुतेक लक्ष गेलं नाही.

एक फुटकळ पण आवडती गोष्ट, क्लिंगॉन या लढवय्या परग्रहवासी लोकांच्या एका वसाहतीचं नाव नरेंद्र-तीन आहे. का ते विचारू नका.

स्पॉक करतो तसा, मधली दोन बोटं फाकवून, हात मला जमत नाही. बोटं वेगळी होत नाहीत.

बऱ्याच जणांना जमत नाही, सराव करा. निमॉयने लहानपणी ज्यू प्रार्थनागृहात पुरोहित आशीर्वाद देताना हाताची अशी खूण करायचे ते बघितलं होतं, तिथून उचललं. १९६७ च्या 'अमोक टाइम' एपिसोडमध्ये पहिल्यांदा दिसतं. सोबत म्हणतात ते वाक्य, 'लिव्ह लाँग अँड प्रॉस्पर', म्हणजे आपलं 'दीर्घायुषी भव'च आहे, त्यामुळे आजीला नमस्कार केल्यावर तिने तसा हात केला तर विषय संपला.

क्लिंगॉन ही खरी भाषा आहे? शिकता येते?

हो. पहिल्या सिनेमात थोडे शब्द होते, ते इंजिनिअर स्कॉटीचं काम करणाऱ्या जेम्स डूहानने जुळवलेले. मग १९८४ च्या सिनेमासाठी मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने व्याकरणासकट भाषा बांधली आणि १९८५ ला डिक्शनरी काढली. वाक्यात आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता, म्हणजे इंग्रजीच्या बरोबर उलट, मुद्दाम माणसांच्या भाषांपेक्षा विचित्र वाटावी म्हणून. पण उच्चारात आपण जिंकतो. त्यातला एक आवाज आपल्या 'ड'सारखा आणि एक जवळजवळ 'ष'सारखा, अमेरिकन माणूस तिथे जीभ वळवून वळवून दमतो आणि आपला तिसरीतला पोरगा सहज म्हणेल. उपयोग शून्य. ड्युओलिंगोवर कोर्स आहे, हौस असेल तर करा.

क्लिंगॉन लोकांच्या कपाळावर आधी उंचवटे नव्हते, मग कुठून आले?

१९७९ ला सिनेमाचं बजेट आलं, तिथून आले. सिरीजने यावर दोन उत्तरं दिलीत. १९९६ चा 'डीप स्पेस नाइन' या सिरीजचा एपिसोड आहे ज्यात त्या सिरीजची पात्रं भूतकाळात जातात आणि ट्रिबल्सच्या जुन्या एपिसोडमध्येच शिरतात, तिथे सपाट कपाळाचे क्लिंगॉन बघून सगळे वोर्फ या त्यांच्यातल्या क्लिंगॉन ऑफिसरकडे बघतात, आणि वोर्फ म्हणतो की आम्ही हे बाहेरच्यांशी बोलत नाही. एवढंच. पुढे २००५ मध्ये 'एंटरप्राइज'ने दोन एपिसोड खर्चून विषाणूचं स्पष्टीकरण दिलं. वोर्फचं उत्तर जास्त चांगलं होतं.

डीप स्पेस नाइन एवढी डोक्यावर का घेतात? आणि चित्र एवढं धुरकट का दिसतं?

धुरकट का ते आधी. नव्वदच्या दशकात शूटिंग चांगल्या ३५ मिमी फिल्मवर व्हायचं, पण एडिटिंग आणि इफेक्ट सगळे व्हिडिओ टेपवर, टीव्हीच्या तेव्हाच्या दर्जाचे. नेक्स्ट जनरेशनचं एचडी करायचं ठरलं तेव्हा मूळ निगेटिव्ह शोधून प्रत्येक एपिसोड नव्याने जोडावा लागला. अफाट खर्च, ब्लू-रे तेवढे खपले नाहीत, त्यामुळे डीप स्पेस नाइन आणि त्यानंतरच्या 'व्हॉयेजर' सिरीजच्या वाटेला ते आलंच नाही. मोठ्या टीव्हीवर बघू नका, टॅबवर बघा, सुसह्य वाटतं.

आता डोक्यावर का. जहाज नाही, एका जागी असलेलं स्टेशन आहे, त्यामुळे मागच्या आठवड्यात केलेल्या चुकीपासून पळून जाता येत नाही. शेजारचा बजोर ग्रह पन्नास वर्षांच्या गुलामीतून नुकताच सुटलाय, धर्म आहे, राजकारण आहे, कालचे दहशतवादी आज ऑफिसर आहेत. आपल्याला हे समजवायला लागत नाही. कमांडर सिस्को म्हणजे एव्हरी ब्रुक्स, ट्रेकमधला पहिला कृष्णवर्णीय नायक, आणि एकट्याने मुलाला वाढवणारा बाप. पहिले दोन सीझन हळू आहेत पण 'ड्युएट' पहिल्याच सीझनला आहे, तो चुकवू नका. आणि १९९८ चा 'इन द पेल मूनलाइट', त्यात सिस्को कॅमेऱ्याकडे बघून सांगत असतो की मी युद्ध जिंकायला खोटे पुरावे केले, लाच दिली, माणसं मेली, आणि हे सगळं सांगून झाल्यावर कॉम्प्युटरला म्हणतो, नोंद पुसून टाक. रॉडेनबेरी १९९१ ला गेलेला. तो असता तर हा एपिसोड झाला नसता असं मला वाटतं, आणि झाला ते बरं झालं.

यातलं विज्ञान कितपत खरं?

कधी बऱ्यापैकी, कधी निव्वळ थापा, आणि लेखकांना ते माहीत असतं. स्क्रिप्टमध्ये चक्क 'टेक' असं लिहून जागा सोडायचे, सल्लागार मग तिथे अवघड शब्द भरायचे.

वॉर्पचं, म्हणजे प्रकाशापेक्षा जास्त वेगाने जायचं, गणित मात्र करून बघा, मजा येते. जुन्या सिरीजमध्ये वॉर्पचा आकडा घनात जातो, म्हणजे वॉर्प ६ म्हणजे प्रकाशाच्या २१६ पट. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षं, तर पोचायला साधारण आठवडा. नेक्स्ट जनरेशनने स्केल बदललं, वॉर्प १० म्हणजे अनंत वेग, त्यामुळे तिथे कोणी पोचत नाही (व्हॉयेजरमध्ये एकदा पोचले आणि त्यांचे पालीसारखे प्राणी झाले, तो एपिसोड आपण मानत नाही). १९९४ मध्ये अल्कुबिएरे या शास्त्रज्ञाने अवकाशच पुढून आकसवून आणि मागून ताणून जायचं गणित मांडलं, कागदावर बसतं, पण त्याला जी ऊर्जा लागते ती आणायची कुठून हा प्रश्न आहे.

खरा परिणाम माणसांवर झाला. ओरिजिनल सिरीजमध्ये उहुरा या ऑफिसरचं काम करणाऱ्या निशेल निकोल्सने सत्तरच्या दशकात नासासाठी फिरून बायकांना आणि कृष्णवर्णीयांना अर्ज करायला लावले. तिला लहानपणी टीव्हीवर बघितलेली मे जेमिसन १९९२ ला अवकाशात गेली आणि १९९३ ला नेक्स्ट जनरेशनच्या एका एपिसोडमध्ये छोटं काम करून आली.

कॉमिक कॉनला जायचंय, युनिफॉर्म विकत घेऊ का शिवून घेऊ?

शिवून घ्या, परदेशातून मागवलेला कस्टमला धरून भलत्याच किमतीला पडतो. टेलरला फोटो दाखवा आणि नेक्स्ट जनरेशनच्या तिसऱ्या सीझननंतरचा, दोन भागांचा दाखवा. पहिल्या दोन सीझनचा एकसंध स्पँडेक्सचा होता, मुद्दाम घट्ट शिवलेला, नटांच्या पाठी आणि खांदे धरायचे. दोन भागांचा आला तर बसल्या-उठल्या वर सरकायचा, म्हणून पिकार्ड सारखा खाली ओढत असतो, आणि त्या ओढण्याला फॅननी नाव पण दिलंय, पिकार्ड मॅनुव्हर.

रंग नीट बघा. जुन्या सिरीजमध्ये लाल म्हणजे इंजिनिअरिंग-सिक्युरिटी (आणि एपिसोडमध्ये हमखास मरणार), नेक्स्ट जनरेशनमध्ये लाल म्हणजे कॅप्टन. जुन्यातला कर्कचा सोनेरी शर्ट खरा हिरवट होता, दिव्यांत आणि फिल्मवर सोनेरी दिसायचा, त्यामुळे कोणी अतिशहाणा हिरवा घालून आला तर तो बरोबर आहे. मुंबईत मे महिन्यात वेलोर (मखमलीसारखं जाड कापड) घालू नका. बस.

फॅन फिक्शन लिहिणं वेळेचा अपव्यय नाही का?

१९६७ मध्ये 'स्पॉकनेलिया' नावाचं सायक्लोस्टाइल मासिक निघालं, ट्रेकच्या फॅन लिखाणाची सुरुवात तिथून. लिहिणाऱ्या बहुतेक बायका. आज जगभर पोरं-पोरी जे लिहितात त्याची बरीचशी भाषा इथून आली, दोन पात्रांच्या नावात तिरकी रेघ देऊन त्यांची प्रेमकथा लिहायची पद्धत कर्क-स्पॉकवरून, आणि 'मेरी सू' हा शब्द १९७३ च्या एका ट्रेकच्याच टिंगल-कथेवरून. मराठीत लिहा की. क्लिंगॉन दिवाळी अंक वाचायला मी तयार आहे.

फॅन फिल्म काढायची असेल तर मात्र जपून. २०१६ पासून मालक कंपनीचे नियम आहेत, एक गोष्ट पंधरा मिनिटांत, फार तर दोन भाग मिळून तीस मिनिटं.

नवीन सिरीज सगळ्या भंगार आहेत असं जुने फॅन म्हणतात.

१९८७ मध्ये टकला कॅप्टन आणलाय म्हणून हेच म्हणत होते. १९९३ मध्ये जहाज नाही म्हणून, १९९५ मध्ये बाई कॅप्टन म्हणून. डिस्कव्हरीमध्ये लोक फार रडतात हे मला पण खटकतं, 'पिकार्ड' नावाच्या सिरीजचा दुसरा सीझन मी अर्ध्यावर सोडला, आणि तिसरा सीझन डोळे पुसत संपवला. सगळं आवडलंच पाहिजे असा करार कोणी केलेला नाही. एखादी सिरीज नाही जमली तर सोडून द्या, ती न बघितल्याने तुमचं काही अडत नाही आणि ती आवडणाऱ्यांचं तुम्ही काही अडवू नका.

भारतात कुठे बघायची?

आज सांगितलं तर उद्या खोटं ठरेल. हक्क या ओटीटीवरून त्या ओटीटीवर उड्या मारत असतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये डिस्कव्हरीचा चौथा सीझन यायच्या दोन दिवस आधी अमेरिकेबाहेरच्या नेटफ्लिक्सवरून अख्खी सिरीज उचलली होती, जगभर बोंबाबोंब झाली. त्यामुळे आत्ता जिथे दिसतंय तिथे आवडते एपिसोड बघून घ्या, आणि अगदीच जीव अडकला असेल तर डिस्क विकत घ्या, तिला कोणी रात्रीतून गायब करत नाही.

घरच्यांना कसं ओढायचं यात?

१९८६ चा 'द व्हॉयेज होम' लावा. देवमासे वाचवायला सगळे त्या काळच्या सॅन फ्रान्सिस्कोत येतात, स्कॉटी कॉम्प्युटरचा माउस तोंडासमोर धरून त्याच्याशी बोलायला लागतो. सगळ्यांना कळतो, कोणाचा खून नाही, आईला पण चालतो. मध्ये मध्ये थांबवून इतिहास सांगू नका. हे महत्त्वाचं आहे, परत वाचा.

ट्यूविक्सबद्दल काय मत?

अरे देवा. बरं. व्हॉयेजर, १९९६. ट्रान्सपोर्टरच्या अपघातात टूव्होक आणि नीलिक्स हे जहाजावरचे दोघं मिळून एक तिसराच माणूस तयार होतो. चांगला माणूस आहे, काम चांगलं करतो, स्वयंपाक चांगला करतो, दोघांच्या आठवणी त्याला आहेत. काही आठवड्यांनी दोघांना वेगळं करायचा उपाय सापडतो. तो म्हणतो मला जगायचंय. ब्रिजवर, म्हणजे जहाजाच्या कंट्रोल रूममध्ये, सगळ्यांकडे बघून विनवतो, एकेकाकडे, कोणी बोलत नाही. डॉक्टर म्हणतो मी कोणाचा जीव घेणार नाही. मग कॅप्टन जेनवे स्वतः बटणं दाबते, दोघं परत येतात, आणि ती काही न बोलता बाहेर पडते.

इतकी वर्षं झाली, लोक अजून भांडतायत. दोन जीव वाचवायला एक घेतला, बरोबर केलं, असं म्हणणारे माझे चांगले मित्र आहेत. माझ्या मते तो खून होता. यावर मला मेसेज पाठवू नका, सगळे मुद्दे ऐकून झालेत.